बाळंतिणीच्या दारीं

ज्युबिलीच्या या पुस्तिकेसाठीं धर्मग्रामाचा इतिहास लिहून द्यावा, अशी विनंती कमिटीच्या मंडळींनीं आम्हांस केली, तेव्हां प्रथम आम्हीं कपाटांतून बाप्तिस्म्याचें दप्तर बाहेर काढिलें. इतिहास म्हटला म्हणजे कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोणीं दिली, कोणकोण धर्मगुरु येऊन गेले, याची जंत्री वाचकांस अपेक्षित असते. ती या पुस्तिकेंत इतरत्र आहेच. दप्तराचीं पानें चाळतांना आमच्या मनांत मात्र निराळीच गोष्ट आली. त्यांत मुलाचें नांव आहे, जन्माची तारीख आहे, आईबापांचीं नांवें आहेत, धर्मपिता व धर्ममाता आहेत, पाणी घालणाऱ्या धर्मगुरूची सही आहे. परंतु तें मूल जन्मल्यावर त्याला पाहावयास पहिल्यानें कोण आलें, हें लिहावयास रकाना नाहीं. आणि ज्यांनीं संसार केला आहे त्यांस ठाऊक आहे कीं, कित्येक मुलांचें जगणें त्या पहिल्या भेटीवरच अवलंबून असतें. हा लेख त्या भेटीस जाणारीविषयीं आहे.

जाणारी असें आम्ही जाणून म्हणतों, कारण बाळंतिणीच्या खोलींत पुरुषांचें काम नसतें. पहिलें बाळंतपण माहेरीं व्हावयाचें, ही रीत साऱ्या महाराष्ट्राची. तेथें आई असतेच. परंतु बातमी कळतांच जी धांवत येते ती बहीण. डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, जुन्या मऊ लुगड्याचीं दुपटीं, झबलें, कुंची असा बाळंतविडा घेऊन ती येते. बाळाचें तोंड पाहते, आणि लगेच पदर खोंचून चुलीपाशीं बसते. ही मुलाची मावशी. बापाची बहीण ती आत्या, तिचा मान निराळा. बारशाच्या दिवशीं पाळण्याशीं वांकून बाळाच्या कानांत नांव सांगण्याचा अधिकार तिचा. आमच्या ख्रिस्ती घरांत नांव बाप्तिस्म्याच्या वेळीं पडतें, तरी बाळाला उचलून देवळांत आणणारी धर्ममाता ही बहुधा आत्या किंवा मावशीच असते. जुन्या रिवाजांत आई स्वतः त्या विधीस नसेच. ती अजून बाजेवर असे, आणि सुमारें चाळीस दिवसांनीं देवळाच्या दारीं आशीर्वाद घ्यावयास येई. १९६९ सालच्या नव्या विधीनें आईला मुलाच्या बाप्तिस्म्यांत जागा करून दिली व तिचा आशीर्वादहि त्याच विधींत घातला. आई नसलेला बाप्तिस्मा इतकीं शतकें कोणास खटकला नाहीं, याचें आम्हांस आतां नवल वाटतें.

आमच्या धर्मांत अशा भेटीची पहिली कथा संत लूकच्या शुभवर्तमानांत आहे. देवदूताचा निरोप मिळतांच धन्य कुमारी मरिया नाझरेथहून निघून यहूदाच्या डोंगराळ मुलखांत एलिझाबेथच्या घरीं त्वरेनें गेली. परंपरा त्या गांवास यरुशलेमेजवळचें आयिन करीम म्हणते. तसें असेल तर ती वाट शंभर किलोमीटरांहून अधिक, म्हणजे पायीं तीनचार दिवसांची होती. लूक एलिझाबेथला मरियेची नातलग म्हणतो, बहीण म्हणत नाहीं, हें आम्ही जाणतों; परंतु आपल्याकडे चुलत, मामे, मावस या सर्व बहिणीच, आणि आमच्या आयाबहिणींनीं ती कथा बहिणीची म्हणूनच ऐकिली आहे.

त्या कथेंत एक शंका मात्र जुनी आहे. मरिया पोंचली तेव्हां एलिझाबेथला सहावा महिना होता. मरिया सुमारें तीन महिने राहून घरीं परतली. आणि त्याच्या लगेच पुढें योहानाच्या जन्माची वार्ता येते. सहा आणि तीन नऊ होतात. तर मग मरियेनें तें बाळ पाहिलें कीं नाहीं? टीकाकारांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो कीं, ती जन्मापूर्वींच निघाली, कारण लूकनें तसा क्रम दिला आहे. दुसरा म्हणतो कीं, एका माणसाची हकीकत पुरी करून मग दुसऱ्याकडे वळावें, ही लूकची लिहिण्याची रीतच आहे. योहानाला तुरुंगांत टाकल्याचें तो येशूच्या बाप्तिस्म्याच्या आधीं सांगून टाकितो, तसेंच हें. आमचें मत दुसऱ्या पक्षाकडे झुकतें. तीन महिने दळणकांडण करून ऐन वेणांच्या वेळीं जी पाठ फिरवील, तिची आपल्या कोणत्याहि गांवांत काय संभावना होईल हें सांगावयास नको.

ख्रिस्तसभेच्या पंचांगानेंहि दीर्घकाळ हीच बाजू घेतली होती. या भेटीचा सण फ्रान्सिस्कन संघानें संत बोनाव्हेंचर यांच्या सल्ल्यानें १२६३ सालीं सुरू केला असें सांगतात. साऱ्या ख्रिस्तसभेसाठीं तो १३८९ सालीं पोप सहावे अर्बन यांनीं ठरविला व त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षीं नववे बोनिफास यांनीं जाहीर केला. त्या वेळीं पोपपदास दोन दावेदार होते आणि ख्रिस्तसभा दुभंगली होती. मरियेच्या भेटीच्या पुण्याईनें ती फूट सांधावी, असा हेतु होता. सणाची तारीख २ जुलै. आतां योहानाचा जन्मदिन २४ जून, आणि त्याचा आठवडा १ जुलैस पुरा होतो. म्हणजे मरियेच्या भेटीचा सण बाळाच्या जन्मानंतर, त्याचें नांव ठेवून झाल्यावर येत असे, जणूं मरिया त्या दिवशीं सर्व कांहीं उरकून निरोप घेत आहे. १९६९ च्या सुधारणेंत हा सण ३१ मे रोजीं नेला, तेव्हांपासून तो जन्माच्या आधीं येतो. शास्त्रदृष्ट्या तें अधिक सुसंगत आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु जुन्या तारखेंत बाळंतीण व बाळ दोघांस पाहून निघालेली मरिया होती, ती नव्या तारखेंत दिसत नाहीं.

येथून पुढचा इतिहास सांगतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. पण ज्युबिलीच्या पुस्तिकेंत केवळ गोड तेवढेंच लिहावें असा नियम नाहीं.

सन १६१० मध्यें संत फ्रान्सिस द सेल्स व संत जेन द शांताल यांनीं आनसी या गांवीं स्त्रियांचा एक संघ स्थापिला व त्याला मरियेच्या या भेटीचेंच नांव दिलें. त्या भगिनींनीं प्रार्थना करावी आणि गांवांतील गोरगरीब आजाऱ्यांच्या घरीं भेटीस जावें, असा मूळचा बेत होता. परंतु व्रतस्थ स्त्रियांनीं मठाच्या भिंतींआड राहावें हा दंडक पोप आठवे बोनिफास यांच्या १२९८ सालच्या आज्ञापत्रापासून चालत आला होता आणि ट्रेंटच्या परिषदेनें तो पुन्हां पक्का केला होता. लिआँच्या आर्चबिशपांनीं त्यावर बोट ठेविलें, आणि १६१८ पर्यंत त्या भगिनी पूर्ण बंदिस्त झाल्या. संघाचें नांव भेट हेंच राहिलें. भेटीस जाणें तेवढें थांबलें. पुढें १६३३ मध्यें संत व्हिन्सेंट द पॉल व संत लुईझ द मारिलाक यांनीं सेवाकन्यांचा संघ काढिला, तेव्हां त्यांना मठवासिनी म्हणवून न घेण्याची दक्षता घ्यावी लागली, तेव्हांच त्या रस्त्यावर राहूं शकल्या.

तरीहि एक दार बंदच होतें, आणि तें बाळंतिणीचें. व्रतस्थ भगिनी महारोग्याची जखम धुवूं शके, पटकीच्या रोग्याजवळ रात्र काढूं शके. परंतु प्रसूतीच्या वेळीं तिनें हात लावणें हें तिच्या व्रतास शोभत नाहीं, अशी समजूत होती. १९०१ सालीं नव्या संघांस मान्यता देण्याविषयीं रोमहून जे नियम निघाले, त्यांत या कामास वाहून घेणाऱ्या संघांस मान्यता न देण्याचें धोरण होतें. १९१७ च्या धर्मकायद्यानें धर्मगुरूंस विशेष परवानगीवांचून वैद्यकी करण्याची मनाई केली आणि तीच मनाई व्रतस्थांसहि लागू झाली. हेतु वाईट नव्हता. परंतु त्याच १९१७ च्या कायद्यांत असेंहि होतें कीं, सुइणींस संकटकालीं बाप्तिस्मा देण्याची रीत नीट शिकवून ठेवणें हें धर्मगुरूचें कर्तव्य आहे. म्हणजे मरणाऱ्या अर्भकाच्या मस्तकावर पाणी घालावयास आम्हीं सुईण तयार केली, आणि तें अर्भक मरूं नये म्हणून जी जाऊं इच्छीत होती तिला उंबऱ्यावर थांबविलें. सेमिनरींत १२९८ चें तें आज्ञापत्र आम्हीं वर्षासनासह पाठ केलें होतें. त्याचा बाळंतिणीशीं कांहीं संबंध पोंचतो, हें मात्र आमच्या ध्यानांत फार उशिरां आलें.

हें दार उघडण्याची निकड हिंदुस्थानांत सर्वांत अधिक भासली. पडद्यांतल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरासमोर येत नसत. स्त्री-डॉक्टर मिळाली नाहीं तर त्या तशाच मरत. एडिंबरोच्या डॉक्टर ॲग्नेस मॅक्लारेन या बाईंनीं हें दुःख पाहिलें. साठीच्या सुमारास, १८९८ मध्यें, त्या कॅथलिक झाल्या. त्यांच्या प्रयत्नांतून रावळपिंडीस स्त्रिया व मुलें यांसाठीं इस्पितळ निघालें. आणि भगिनींस डॉक्टर होऊं द्यावें, असें आर्जव त्यांनीं रोमपाशीं वारंवार केलें. १९१३ सालीं त्या वारल्या, तोंवर उत्तर आलें नव्हतें. अपवाद एक घडला. ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर मेरी ग्लोरी १९२० मध्यें गुंटूरला आल्या, संन्यासिनी झाल्या, आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट यांच्या खास परवानगीनें डॉक्टरहि राहिल्या. १९४३ मध्यें कॅथलिक इस्पितळांची अखिल भारतीय संस्था त्यांनींच उभी केली.

मॅक्लारेनबाईंची हांक टिरोलमधील ॲना डेंगेल नांवाच्या एका तरुणीनें ऐकिली होती. तिनें आयर्लंडांत कॉर्क येथें वैद्यकीचा अभ्यास केला, १९१९ मध्यें पदवी घेतली, आणि दुसऱ्या वर्षीं ती रावळपिंडीच्या त्याच इस्पितळांत रुजू झाली. तेथें एकटीनें कितीहि राबलें तरी भागणार नाहीं, संघच हवा, हें ओळखून तिनें १९२५ मध्यें वॉशिंग्टन शहरीं तिघी सोबतिणींसह वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ काढिला. कायद्यामुळें त्यांस जाहीर व्रतें घेतां येईनात. अकरा वर्षें त्या व्रतांवांचूनच व्रतस्थासारख्या राहिल्या. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजीं, लूर्ड्सच्या मातेच्या सणाच्या दिवशीं, धर्मप्रसार-मंडळानें सूचनापत्र काढिलें: मिशन-प्रदेशांत माता व अर्भकें यांच्या जिवाच्या रक्षणासाठीं भगिनींचे नवे संघ निघावे, त्यांनीं डॉक्टरच्या व नर्सच्या रीतसर पदव्या घ्याव्या, आणि प्रसूतीचें काम करावें. तेव्हां कोठें डेंगेल व तिच्या भगिनी उघडपणें व्रतस्थ झाल्या. आमच्या वाचकांस एक गोष्ट कदाचित् ठाऊक नसेल. १९४८ सालीं लोरेटोचा मठ सोडून मदर तेरेसा प्रथम पाटण्यास गेल्या, त्या याच संघाच्या इस्पितळांत. गरिबांच्या वस्तींत शिरण्यापूर्वीं शुश्रूषेचे प्राथमिक धडे त्यांनीं तेथें घेतले.

१९३६ मध्यें भगिनीला दार उघडलें हें खरें. परंतु तें दार इस्पितळाचें होतें, आणि सातपुड्यांतील बाळंतीण इस्पितळांत नव्हती, ती घरीं होती. म्हणून या इतिहासाचा पुढचा भाग आमच्या ख्रिस्तसभेचा नाहीं, तरी तो येथें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. गडचिरोली जिल्ह्यांत डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग यांनीं १९९३ पासून नवजात बालकांच्या मृत्यूंचा हिशेब ठेवला आणि नंतर ३९ गांवांत प्रत्येकीं एक गांवचीच स्त्री शिकवून तयार केली. ती बाळाच्या घरीं जाई, हात धुई, झोळीच्या कांट्यानें वजन करी, ताप वा गारठा पाही, मिनिटाला श्वास किती ते मोजी. साठ किंवा अधिक भरले तर धोका जाणी. तीन वर्षांत त्या गांवांतील नवजातांचे मृत्यु निम्म्याहूनहि कमी झाले. हें १९९९ मध्यें लान्सेट या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झालें. आशा-कार्यकर्तींची योजना २००५ पासून देशांत होतीच. २०११ पासून बाळाच्या घरभेटी हें त्यांचें ठरलेलें काम झालें. बाळ इस्पितळांत जन्मलें तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं, आणि घरीं जन्मलें तर पहिल्या दिवशींहि जावयाचें. बेचाळीस दिवस! आमच्या जुन्या विधींतील चाळीस दिवसांत बाळंतिणीनें देवळाच्या दारीं यावयाचें होतें. या बेचाळीस दिवसांत दुसरी कोणी तिच्या दारीं जाते. लोक तिला आशाताई म्हणतात. ताई म्हणजे थोरली बहीण, हें सांगावयास नको.

आतां आमच्या पुरुषोत्तमनगराकडे येऊं. शहादा तालुक्यांतील या गांवाची ओळख साखर-कारखान्यानें झाली, आणि जेथें कारखाना तेथें ऊस, जेथें ऊस तेथें तोडणीचीं पालें. नवरा-बायको मिळून एक कोयता धरितात. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते, ती फेडल्यावांचून परतणें नाहीं. आमच्या सातपुड्यांतील कित्येक कुटुंबें याच कामासाठीं दिवाळीनंतर गुजराथेंत उतरतात. अशा स्त्रीचे दिवस तोडणीच्या हंगामांत भरले तर माहेर नाहीं, बाज नाहीं, शेगडी नाहीं. मूळ गांवच्या ताईला तें कुटुंब गेलें एवढेंच कळतें. आणि जेथें पाल पडलें तेथल्या ताईच्या यादींत तिचें नांव आपोआप येत नाहीं, कोणीतरी जाऊन सांगावें लागतें.

एका जानेवारींत सकाळीं आम्हांस असें बोलावणें आलें. रात्रीं पालांत मुलगी झाली होती, फार लहान होती, जगेल असें वाटत नव्हतें. आम्ही पाण्याची बाटली व विधीचें पुस्तक घेऊन गेलों. धुकें अजून उसावर होतें. आई पाचटाच्या बिछान्यावर पडली होती. पोर एका पातळ फडक्यांत गुंडाळून बाजूस ठेविलें होतें, आणि तें रडत नव्हतें. तें शांत आहे याचें आम्हांस बरें वाटलें, हें आम्ही येथें कबूल करितों. नांव काय ठेवावयाचें, धर्ममाता कोण, असें आम्ही विचारूं लागलों. तोंच पालाच्या तोंडाशीं एक बाई वांकली. ती बाळंतिणीची धाकटी बहीण. धडगांवकडून दोन जीपगाड्या बदलून आली होती. काखेंत गांठोडें होतें. तिनें आम्हांस नमस्कारहि केला नाहीं. सरळ पोराचे पाय चाचपले, आणि आपल्या बोलींत म्हणाली कीं, हें तर गार पडलें आहे.

पुढें जें झालें तें फार झपाट्यानें झालें. तिनें गांठोडें सोडून जुन्या लुगड्याचें टोपडें पोराच्या डोक्यास बांधिलें, फडकें काढून टाकिलें, तें उघडें पोर आईच्या उघड्या उराशीं धरिलें, वरून गोधडी ओढिली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "फादर, तुम्ही जरा बाहेर बसा. पाणी मागाहून."

कायदा आमच्या बाजूस होता. मरणाच्या दारीं असलेल्या अर्भकास विलंब न लावितां बाप्तिस्मा द्यावा, हें आम्हांस पाठ होतें; आणि पाणी थंड होतें. आम्ही बाहेर बसलों. बाटली दोन हातांत धरून ऊब आणण्याचा प्रयत्न करीत होतों. दुसरें काय करावें तें सुचत नव्हतें. बाप उसाच्या बांधावर उकिडवा बसून होता. तोहि बोलला नाहीं. किती वेळ गेला तें आम्हीं पाहिलें नाहीं, पण धुकें निघून गेलें होतें. मग आंतून बारीकसें रडणें ऐकूं आलें, तें थांबलें, आणि बहिणीनें सांगितलें कीं, पोर अंगावर पीत आहे. लगेच तिनेंच हुकूम सोडिला कीं, आमच्या गाडींतून तिघींस इस्पितळांत न्यावें. वाटेंत आम्हीं तिला विचारिलें, हें सारें कोठें शिकलीस? ती म्हणाली, माझ्या पोराच्या वेळीं आमच्या पाड्याची ताई सहा वेळां आली होती.

बाप्तिस्मा पुढल्या महिन्यांत झाला. पाणी आम्हीं आधीं कोमट करून घेतलें. धर्ममाता ती मावशीच. तिनेंच मुलीला उचलून आणिलें, आणि आई शेजारीं उभी होती. दप्तरांत नोंद करितांना सर्व रकाने भरले. शेवटचा शेऱ्याचा रकाना दृढीकरण व लग्न यांच्या नोंदीसाठीं असतो; त्यांत आम्हीं नियमाबाहेर जाऊन एक ओळ लिहिली: जन्माच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं मावशी आली. पुढें त्या मुलीच्या नोंदी तेथेंच व्हावयाच्या आहेत, म्हणून जागा राहावी अशा बारीक अक्षरांत ती ओळ घातली आहे.